बटणापासून हातभर लांब

सोमवार, ३ तारीख

तीर्थरूप वन्सं यांना वाकून नमस्कार.

आम्ही सगळे धुळीसकट खुशाल आहोत. हे पत्र उघडण्याआधी दाराबाहेर झटका, कारण सध्या या घरातून जे काही बाहेर पडतं ते पांढरं होऊनच पडतं. काल मी देवाला आंघोळ घातली आणि फुलं आणायला वळले, तर परत येईतो देव पुन्हा धुळीने माखलेले. शेवटी त्यांना फडक्यात गुंडाळून कपाटात ठेवलं आणि सांगितलं, काम होईपर्यंत आतच बसा, नमस्कार मी दारावरून करते.

फोन केला असता, पण फोनवर तुम्ही 'बरं, ठेवते' म्हणता आणि खरोखरच ठेवता. पत्र अर्धवट सोडायची तुमची सवय नाही, म्हणून हा मार्ग.

तर घराची सगळी वायरिंग नवी करायला काढली आहे. गेलं वर्षभर इस्त्री लावली की पंखा मंदावायचा, आणि पंप लावला की दिवे मिचमिचायचे. तुमच्या भावाचं एकच उत्तर, "एका वेळी एकच काहीतरी चालवावं." मग एके दिवशी स्वयंपाकघरातल्या बोर्डाला हात लागला तर तो तापलेला, आणि जळक्या रबराचा वास. काटकसर मलाही कळते, वन्सं. जुने स्क्रूसुद्धा मी डब्यात जपून ठेवते. पण घर पेटवून वाचवायचं काय?

ठेकेदाराला मी 'होऊनजाईल' म्हणते. तोंडावर नाही, घरात. काहीही विचारा, "होऊन जाईल, काकू." नळ कधी जोडणार? होऊन जाईल. दार सरकवायचं ठरलं होतं ना? होऊन जाईल. माणूस वाईट नाही, पण त्याचं सगळं काम उद्यात राहतं.

वायरिंगला मात्र एक मुलगी येते. सगळे तिला वायरमनबाई म्हणतात आणि तिला त्यात काही वावगं वाटत नाही. पँटच्या खिशात टेस्टर, कानावर पेन्सिल, आणि तोंडाचा पट्टा दिवसभर चालू. पहिल्याच दिवशी मेन स्विच बंद करून त्याला कुलूप लावलं, किल्ली गळ्यात अडकवली, आणि तरीही प्रत्येक वायरीला टेस्टर लावून मगच हात लावला. मी म्हटलं, "अगं, बंद तर तूच केलंस ना?" तर म्हणते, "काकू, माझ्यावर माझा विश्वास आहे, पण वायरीवर नाही."

पेन्सिलीने तिने सगळ्या भिंतींवर रेघा मारल्या. प्रत्येक बटणापासून सरळ वर एक रेघ, छताजवळच्या पेटीपर्यंत. कुठे आडवी, पण थोडीच, कारण लांब आडवी खाच मारली की भिंत कमजोर होते म्हणे. तिरपी एकही नाही. मी विचारलं, "या कोपऱ्यातून त्या बटणाकडे तिरपं गेलं तर वायर कमी नाही का लागणार?" माझा काटकसरी स्वभाव तुम्हाला ठाऊकच आहे. ती पेन्सिल कानावर ठेवून म्हणाली, "लागेल की कमी. पण काकू, गिलावा झाला की वायर दिसत नाही. म्हणून तिनं नियमानं जायचं. बटणापासून एक तर उभी, नाही तर आडवी. म्हणजे उद्या कुणीही यावं, नुसतं बटण बघावं, आणि वायर कुठून गेली असेल ते ओळखावं. खिळा ठोकायचा तो त्या रेघा सोडून."

मी मॅट्रिक झालेली बाई, मला वीज काय कळणार. पण जमाखर्च कळतो. आकडा आपल्या रांगेत आणि आपल्या घरात असेल तरच तो सापडतो. म्हटलं, अगदी बरोबर आहे.

मागच्या खोलीचं काम पुढच्या आठवड्यात. तिथलं दार थोडं सरकवायचं आहे, म्हणून भिंत उघडणार आहेत.

तुम्ही या घराचा उंबरा ओलांडल्याला किती वर्षं झाली ते मी मोजत नाही. आईंचा फोटो अजून मऊ दुपट्यात गुंडाळून ठेवला आहे, काच शाबूत आहे. वर्षातून दोनदा पुसते. एकच विचारते, राग मानू नका. त्या दिवशी हा फोटो लावायला मागच्या खोलीत स्टुलावर चढून तुम्ही खिळा नेमका कुठे ठोकलात? हे इतकी वर्षं म्हणतात की बटणाच्या अगदी डोक्यावर. मी तेव्हा स्वयंपाकघरात होते, आवाज ऐकून धावले तर तुम्ही जमिनीवर. बोटं काळी पडलेली आणि तोंडातून एकच वाक्य निघत होतं. ते मी विसरलेले नाही, पण तुमच्या हातून लिहून यावं असं वाटतं.

तुमच्या त्या दोन बोटांना आता थंडीत कसं असतं? काळजी घ्या.

तुमची भावजय


शनिवार, १५ तारीख

तीर्थरूप वन्सं यांना नमस्कार, आणि आज जरा जास्तच वाकून.

तुमचं कार्ड मिळालं. दोनच वाक्यं, "बटणापासून हातभर लांब. तेव्हाही हेच सांगितलं होतं." खाली सहीसुद्धा नाही. एवढ्याशा मजकुरातही तुमचा 'ह' कसा थरथरला आहे ते मी पाहिलं. शाळेच्या फळ्यावर तुमचं अक्षर बघायला दुसऱ्या वर्गातल्या बाई येत असत, हे मी लग्न होऊन आल्या-आल्या ऐकलं होतं.

कार्ड मी यांच्यासमोर ठेवलं. त्यांनी चष्मा लावून वाचलं, चष्मा काढून वाचलं, आणि म्हणाले, "ताईचं तेच पालुपद." मग वर्तमानपत्र उघडलं. ते कालचं होतं.

आता ऐका.

काल मागच्या खोलीतली भिंत उघडली. गवंडी छिन्नीने गिलावा पाडत होता, वायरमनबाई शेजारी उभी. बटणाच्या वर सरळ रेषेत पाडत गेला, तर आत काहीच नाही. नुसत्या विटा. वायरमनबाई म्हणाली, "अरे, वायर गेली कुठं? उडाली?" मग तिने बटणाची पेटी उचकटली आणि वायर कुठे वळते ते पाहिलं. वायर निघाली होती कडेला. गवंडी तिच्या मागे मागे पाडत गेला, तर ती तिरपी, चांगली घसरगुंडीसारखी, बटणापासून थेट छताच्या त्या टोकाच्या कोपऱ्यापर्यंत. पाइपसुद्धा नाही. नुसती वायर, वर चुना थापलेला.

आणि त्या तिरप्या वायरीवर एके ठिकाणी वाटाण्याएवढा काळा फोड. रबर फुटून आतली तार वितळलेली. त्याच्या बरोबर मधोमध खिळ्याचं भोक.

वन्सं, मी सगळ्यांना बाजूला केलं. धुळीची पर्वा केली नाही. मेन स्विच बंद आहे ना हे तिला दोनदा विचारलं, आणि माझा हात भिंतीला लावला. कोपर बटणाच्या सरळ वर, फोडाच्या उंचीला, आणि हात आडवा. माझ्या मधल्या बोटाच्या पुढे बरोबर बोटभर अंतरावर तो काळा फोड होता. आणि तुम्हाला आठवतं ना, पूर्वी आपण बांगड्या भरायला जायचो तेव्हा हाताला हात लावून तुम्ही नेहमी म्हणायचात, "वहिनी, तुझा हात माझ्यापेक्षा बोटभर आखूड."

हातभर लांब. तुमचा हात. तसूभर फरक नाही.

मी तिथेच भिंतीला कपाळ टेकवलं. गवंडी घाबरला, त्याला वाटलं मला घेरी आली. मी म्हटलं, "घेरी नाही रे, नमस्कार करतेय."

वायरमनबाई मात्र भडकली होती. "ही टाकली कुणी? वायरमन होता की वैरी? बटणापासून हात सोडून खिळा ठोकणाऱ्या माणसाची यात काय चूक? तो नियमानंच वागला, वायर नियमानं वागली नाही!"

हे दारात उभे होते. तिने त्यांनाच विचारलं, "काका, तुम्हाला आठवतं का कोण होता तो?"

हे म्हणाले, "चहा झाला का?"

आणि गेले.

कोण होता ते मी आज लिहीत नाही. ज्याचं त्याने सांगावं. घरातली सगळी काटकसर लोकांनी माझ्या नावावर मांडली आहे, पण ही एक माझी नव्हे, एवढंच लिहिते. रात्री त्यांनी ताटातली अर्धी पोळी तशीच ठेवली. अन्न टाकायचं नाही हा या घरचा नियम, त्यांचाही माझ्याइतकाच कडक. ते ताट उचलताना मला जरा वाईट वाटलं आणि जरा बरंही वाटलं. देवाला दोन्ही सांगितलं.

तुम्हाला लोकांसमोर 'आमच्या ताईला खिळा ठोकता येत नाही' म्हटलं गेलं. लग्नकार्यात, पाहुण्यांत, हसत हसत. तुम्ही हसला नाहीत, म्हणून तुम्हालाच तुसड्या ठरवलं. बोटं भाजली त्यापेक्षा ते हसणं तुम्हाला जास्त लागलं. मला ते दिसत होतं.

वायरीचा तो तुकडा कापून काढला आहे. होऊनजाईल फेकत होता, मी घेतला. जपून ठेवला आहे, फोटोशेजारी.

तुमची भावजय


रविवार, ३० तारीख

तीर्थरूप वन्सं,

नमस्कार नंतर, आधी बातमी. आपण जिंकलो!

कसं ते क्रमाने सांगते, नाही तर तुम्ही म्हणाल मॅट्रिक होऊनही हिला धड सांगता येत नाही.

वायरमनबाईने मागच्या खोलीत नवी खाच आखली, बटणापासून सरळ वर. पाइप बसवला, आणि ती दोन दिवसांसाठी दुसऱ्या कामावर गेली. इकडे दार सरकवलं, तर चौकट नेमकी बटणाच्या जागेवर आली. म्हणून बटणाची पेटी शेजारी घ्यावी लागली. आता खरं म्हणजे नव्या पेटीपासून पुन्हा सरळ वर नवी खाच मारायला हवी. होऊनजाईलने काय केलं असेल? उभा पाइप मध्येच कापला आणि तिथून नव्या पेटीकडे तिरपा तुकडा जोडला. मी देवांना दारावरून नमस्कार करून येते तो गवंड्याने माल कालवलेला, थापी हातात, आता लिंपणार.

त्याच भिंतीत, वन्सं. पुन्हा तिरपी.

मी म्हटलं, "थांबा. ही काढा." होऊनजाईल म्हणाला, "अहो काकू, एवढीशी तर आहे. पाइपातून आहे. गिलाव्याच्या आत कोण बघतंय? होऊन जाईल." मी म्हटलं, "आत कुणी बघत नाही म्हणून तर." तो हसला. गवंडीही हसला. "काकू, तुम्ही आत बसा, डोळ्यांत चुना जाईल."

भांडण मला जमत नाही, तुम्हाला ठाऊक आहे. आवाज चढवला की मलाच रडू येतं. मग मला सुचलं. आत गेले, कपाट उघडून जपमाळ काढली, स्टूल आणलं. तेच स्टूल. ते भिंतीला पाठ लावून बरोबर त्या तिरप्या पाइपासमोर मांडलं, पदर डोक्यावर घेतला, डोळे मिटले आणि जप सुरू केला.

आता जप करणाऱ्या बाईला कोण उठवणार?

"काकू." मी माळ ओढली. "काकू, माल घट्ट होतोय." मी माळ ओढली. होऊनजाईल गवंड्याला हळूच म्हणाला, "संपेल एवढ्यात, एकच माळ असते." गवंडी म्हणाला, "माझी आई तर संध्याकाळपर्यंत करते." तेव्हा मला हसू दाबता दाबता पुरेवाट झाली. देवाला मनात म्हटलं, माझं लक्ष तुझ्याकडे कमी आणि पाइपाकडे जास्त आहे, पण आज तेवढं चालवून घे.

शेवटी त्यांनी यांना बोलावलं. "साहेब, काकूंना उठवा. माल फुकट जाईल."

हे आले. मी एक डोळा किलकिला केला. ते माझ्याकडे बघत नव्हते. माझ्या डोक्यावरून त्या तिरप्या पाइपाकडे बघत होते. बराच वेळ. वन्सं, खरं सांगते, त्या वेळी माझ्या मण्यावरची बोटं थांबली. मला वाटलं, आता हे म्हणाले की 'ऊठ, होऊन जाईल', तर मी उठेन, स्वयंपाक करीन, सगळं करीन, पण तुम्हाला पुन्हा पत्र लिहायला मला तोंड राहणार नाही.

हे म्हणाले, "हा पाइप काढा."

"अहो साहेब, एवढ्याशा तिरप्यानं काय होतंय?"

"झालंय. याच भिंतीत झालंय. मागची वायर मीच टाकली होती. वायरमनला बोलवायला नको, वायर कमी लागते म्हणून तिरपी टाकली. चार हात वायर वाचवली आणि माझी बहीण गेली."

होऊनजाईलने डोक्याला गुंडाळलेला रुमाल काढला. गवंड्याने थापी खाली ठेवली. "अरेरे," तो म्हणाला, "कधी वारल्या?"

"वारली नाही," हे दचकून म्हणाले. "रागावून गेली."

मी डोळे पूर्ण उघडले आणि म्हटलं, "हयात आहेत, ठणठणीत आहेत, आणि इथे येणार आहेत. आता काढा तो पाइप."

काढला! त्याच वेळी काढला. यांनी स्वतः ओळंबा धरला, दोरीला बांधलेलं वजन नव्या पेटीवर स्थिर होईपर्यंत लहान मुलासारखा श्वास रोखून उभे होते. मग सरळ वर रेघ मारली. दुसऱ्या दिवशी वायरमनबाई आली, तिने रेघ बघून विचारलं, "ही कुणी मारली? बरी आहे की!" तेव्हा यांच्या चेहऱ्यावर जे काही आलं ते मी कितीतरी दिवसांनी पाहिलं.

कालवलेला माल फुकट गेला नाही, हे वेगळं सांगायला नको. मी मागच्या अंगणात धुण्याच्या दगडाखालचं भगदाड बुजवून घेतलं.

गिलावा करण्याआधी वायरमनबाईने प्रत्येक भिंतीचा फोटो काढून दिला. भिंतीला टेप लावून, म्हणजे उद्या कुणालाही वायर कुठे आहे ते कळावं. मागच्या खोलीच्या फोटोची एक प्रत सोबत पाठवते. डाव्या कडेला टेपचं टोक धरलेली बोटं दिसतील. ती कुणाची ते तुम्ही ओळखाल. लहानपणी त्या बोटांना धरून शाळेत तुम्हीच नेलं होतं.

काल मेन स्विच लावला. आता आत असा एक ब्रेकर बसवला आहे की करंट जरा कुठे वाट सोडून गेला तर तो डोळ्याची पापणी लवायच्या आत पडतो. वायरमनबाईने त्याचं छोटं बटण दाबून दाखवलं. टक! सगळं घर बंद. पुन्हा वर केला, सगळं घर उजळलं. तिने मला तीनदा दाबू दिलं. नंतर मी यांच्यासमोर मुद्दाम पंप लावला, इस्त्री लावली, दोन्ही पंखे लावले, सगळे दिवे लावले. एकही दिवा मिचमिचला नाही. मी म्हटलं, "एका वेळी एकच, नाही का हो?" हे म्हणाले, "पुरे आता, बिल येईल." पण हसत म्हणाले.

देव कपाटातून बाहेर आले. स्वच्छ आंघोळ घातली. त्यांच्यावर दिवा नीट पडतो आता.

मागच्या खोलीला रंग झाला. बटण दाराशेजारी, वायर त्याच्या वर सरळ उभी, आणि बाकी सगळी भिंत मोकळी. सकाळपासून हे हातोडी घेऊन फिरत आहेत. "खिळा ठोकून टाकू का? फोटो लावून टाकू." मी म्हटलं, हात लावू नका. या घरात खिळा कुठे ठोकायचा हे कळणारं एकच माणूस होतं, ते येईपर्यंत भिंत तशीच राहील. यांनी हातोडी खाली ठेवली. मग म्हणाले, "ताईला लिही तसं." मी म्हटलं, "माझं सगळं लिहून झालं. इतकी वर्षं पाहुण्यांसमोर बोललात तुम्ही, आता मी तुमच्या वाटचं लिहायचं नाही."

म्हणून खाली जागा सोडली आहे. पाकीट उघडंच टेबलावर ठेवून मी पाणी भरायला जाते आहे. त्यांनी काही लिहिलं तर लिहिलं, नाही तर कोरी जागा तशीच तुमच्याकडे येईल, आणि तिचा अर्थ तुम्ही लावा. मी वाचणार नाही, थुंकी लावून चिकटवून टाकीन.

स्टूल पक्कं करून घेतलं आहे. हातोडी हलकी आणली आहे, तुमच्या बोटांना पेलेल अशी.

भिंतीसमोरून न उठलेली,
तुमची भावजय



ताई,
खिळा बटणापासून हातभर लांबच होता. वायर मी तिरपी टाकली होती.
यापुढे सगळ्यांसमोर असंच सांगेन. तू शेजारी उभी हवीस.
धाकटा